महापालिकेने लायसन्स बदललं, आता ओएसएमवरच्या प्रभागांचं काय करायचं?

रानवाटा

ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा, पुढे ओएसएम) काम करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

आमच्या शहराच्या महापालिकेने काही वर्षांपूर्वी प्रभागांच्या हद्दी, दवाखाने, शाळा असं बरंच काही संकेतस्थळावर डाउनलोडला ठेवलं होतं. पानाच्या तळाशी 'गव्हर्नमेंट ओपन डेटा लायसन्स – इंडिया' (जीओडीएल) असा स्पष्ट उल्लेख होता. त्यातल्या हद्दी आणि दवाखाने आम्ही काही जणांनी ओएसएमवर चढवले. हल्लीच पाहिलं तर संकेतस्थळ नव्या रूपात आलंय. फायली त्याच, पण तळाशी 'सर्व हक्क राखीव. पूर्वपरवानगीशिवाय पुनर्वापर करू नये.'

प्रश्न दोन. आधी चढवलेलं काढायचं का? आणि मला जास्त छळणारा दुसरा: महाराष्ट्रातला कुठला सरकारी डेटा ओएसएमवर कुठून आणि कुठल्या अटीवर आला, याची नोंद कुणी ठेवतं का? नसेल तर ती आपण ठेवायला घ्यावी असं माझं ठाम मत आहे. आज आमच्या शहराचं झालं, उद्या तुमच्या होईल.

चावडीवरचा

लायसन्स बदललंय की वेबसाइटचा कंत्राटदार बदललाय? माझी पैज दुसऱ्यावर. नवीन माणसाने टेम्प्लेट लावलं, त्यात 'सर्व हक्क राखीव' आयतंच आलं असणार. आयुक्तांना पत्तासुद्धा नसेल.

बिनधास्त_बंड्या

कशाला एवढा कीस पाडताय? आपल्या घरपट्टीतून केलेला डेटा आहे. आपलाच आहे. राहू द्या तसाच. कोण येतंय विचारायला?

कलमबहाद्दर

बंड्या, भावना पोचल्या. पण कॉपीराइट कायदा १९५७ घरपट्टीची पावती बघत नाही. सरकारी कामावर पहिला हक्क सरकारचा आणि तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं टिकतो. अमेरिकेत केंद्र सरकारने केलेल्या कामाला कॉपीराइटच नाही, त्यामुळे तिकडे 'जनतेच्या पैशाचं ते जनतेचं' हा युक्तिवाद चालतो. इथे नाही. ओएसएमवर खातं उघडताना आपण जे मान्य करतो, त्यात 'हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे' असा अर्थ येतो. म्हणजे उद्या कुणी विचारायला आलंच, तर ज्याने चढवलं त्याच्याकडे आधी येणार.

रानवाटा यांच्या प्रश्नाकडे. जीओडीएल २०१७ मध्ये राजपत्रात आलं. ते नीट वाचलं तर उदार आहे: वापरा, बदला, त्यातून नवीन करा, व्यापारासाठीही घ्या, फक्त स्रोताचा उल्लेख करा. वैयक्तिक माहिती, बोधचिन्हं, संवेदनशील डेटा वगैरे बाहेर ठेवलंय. पण त्याचं मूळ २०१२ च्या एनडीएसएपी या सरकारी डेटा खुला करण्याच्या धोरणात आहे आणि ते धोरण केंद्राच्या मंत्रालयांसाठी आहे. राज्याला किंवा महापालिकेला ते आपोआप लागू होत नाही. महापालिकेने स्वतःहून तेच लायसन्स लावायला हरकत काहीच नाही, फक्त 'लावलं' म्हणजे कुणी लावलं? ठराव झाला? परिपत्रक निघालं? की चावडीवरचा म्हणतात तसं टेम्प्लेटमध्ये होतं? टेम्प्लेटने गेलं असेल, तर टेम्प्लेटनेच आलंही असू शकतं. ही बाजू आपल्याला सोयीची नाही, पण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल.

जुन्या पानाची इंटरनेट आर्काइव्हवर (तिथे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपतात) प्रत आहे का ते आजच बघा.

रानवाटा

@कलमबहाद्दर, आहे. दोन वेगवेगळ्या वर्षांतल्या प्रती आहेत, दोन्हींत जीओडीएल दिसतंय. फायली मात्र आर्काइव्हमध्ये नाहीत, त्या माझ्या डिस्कवर आहेत.

मिठबावकर

पोच. वाचतोय.

लीड्सची_वहिनी

इकडची गोष्ट सांगते, कारण ओएसएमचा जन्मच या भांडणातून झाला. २००४ साली स्टीव्ह कोस्टने हे सुरू केलं, तेव्हा ब्रिटनचा उत्तम नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेकडे होता आणि तो विकत घ्यावा लागे. मग १ एप्रिल २०१० ला त्यांनी 'ओएस ओपनडेटा' नावाने बराचसा साठा फुकट खुला केला. आनंदाने लोक त्यावरून रस्त्यांची नावं टिपायला लागले. आणि नेमक्या त्याच काळात ओएसएम स्वतःचं लायसन्स बदलायला निघालं होतं, सीसी बाय-एसए (क्रिएटिव्ह कॉमन्सचं एक लायसन्स) सोडून ओडीबीएलकडे (खास डेटाबेससाठीचं खुलं लायसन्स). म्हणजे सरकारच्या अटी एकीकडे, आपल्या नव्या अटी दुसरीकडे. मधे लटकले टिपणारे.

ते सुटलं कसं? वाद घालून नाही. ऑर्डनन्स सर्व्हेला लेखी विचारलं आणि त्यांनी लेखी कळवलं की यातून तयार झालेला डेटा ओडीबीएलखाली द्यायला आमची हरकत नाही, मात्र कोड-पॉइंट ओपन सोडून. कोड-पॉइंट म्हणजे पोस्टकोडची फाइल, त्यात रॉयल मेल या तिकडच्या टपालसेवेचा हात होता. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच संस्थेने दिलेल्या फायलींपैकी बाकीच्या चालतील, ही एक नाही, अशी अवस्था. पुढे २०१५ मध्ये ते ओपन गव्हर्नमेंट लायसन्सवर आले तेव्हा कुठे सगळ्यांना हायसं वाटलं.

माझा मुद्दा असा की 'महापालिकेचा डेटा' असा एक डबा करू नका. फाइलगणिक नोंद ठेवा.

चावडीवरचा

१ एप्रिलला सरकारने नकाशे फुकट दिले आणि लोकांनी विश्वास ठेवला? इंग्रज भोळे हो.

बिनधास्त_बंड्या

वहिनी, ते लायसन्स बदलताना जुना डेटा उडवला होता ना? मी तेव्हा नव्हतो, पण ऐकलंय.

पॅरामाटाचे_काका

उडवला म्हणजे काय, आमच्या अंगणातूनच गेला. ज्यांनी नव्या अटी मान्य केल्या नाहीत किंवा ज्यांचा पत्ताच लागला नाही, त्यांचं योगदान जुलै २०१२ मध्ये एका बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) काढलं आणि १२ सप्टेंबर २०१२ पासून ओएसएम ओडीबीएलखाली आलं. सर्वांत जास्त झळ ऑस्ट्रेलिया आणि पोलंडला बसली. रस्ते अर्धे, मधे भोकं, वळणाच्या जागी सरळ रेघ. आम्ही पुन्हा काढत बसलो.

बॉट काम करू शकला ते फक्त प्रत्येक बिंदूचा इतिहास जपलेला होता म्हणून. कुणी टाकला, कुणी हलवला, नाव कुणी दिलं, सगळं आवृत्तीनुसार. पण त्या इतिहासात माणूस कळतो, मूळ स्रोत कळत नाही. एका माणसाने सकाळी पायी फिरून दहा रस्ते काढले आणि संध्याकाळी सरकारी फाइलवरून दहा, तर सोर्स लिहिल्याशिवाय इतिहास बघून काय समजणार?

आता लायसन्स न जुळण्याचं दुसरं उदाहरण. इथलं, ऑस्ट्रेलियाचं सरकार फार पूर्वीपासून सीसी बाय लावतं. ऐकायला छान. पण ओएसएमच्या लायसन्स गटाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की सीसी बाय ४.० असला तरी देणाऱ्याकडून वेगळं संमतिपत्र हवं. कारणं दोन: एक, श्रेय कसं द्यायचं. आम्ही प्रत्येक नकाशावर शंभर खात्यांची नावं छापू शकत नाही, ती एका पानावर देतो, हे त्यांना चालणार का? दुसरं, सीसीमध्ये तांत्रिक कुलूप (कॉपी रोखणारं) लावायला मनाई आहे. ओडीबीएलमध्ये कुलूप लावता येतं, पण सोबत मोकळी प्रत द्यावी लागते. एवढ्याशा फरकावर पत्रव्यवहार. ओएसएमने संमतिपत्राचा नमुनाच करून ठेवलाय, तो खात्यांना पाठवायचा, सही आली की ओएसएमच्या विकीवर (माहितीच्या पानांवर) चढवायचं. काही खाती आठवड्यात सही करतात, काही उत्तरच देत नाहीत.

सातबारा_उतारा

मी महसूल खात्यात होतो, आता निवृत्त. कुणीतरी महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून शेताचे गट उचलून ओएसएमवर टाकत असेल तर कृपया थांबवा. ते नकाशे माहितीसाठी आहेत, पुराव्यासाठी नाहीत. शेतकरी मोबाइलवर रेघ बघणार आणि शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहणार. बांधाची भांडणं मी आयुष्यभर पाहिली आहेत, त्यात तुमच्या उपग्रहाची भर नको.

रानवाटा

साहेब, निश्चिंत राहा. मालकीच्या हद्दी ओएसएमवर टाकायच्याच नाहीत असा रिवाज आहे. जमिनीवर जाऊन जे दिसतं ते टाकायचं. बांध दिसतो, मालक दिसत नाही.

चावडीवरचा

मालक पण दिसतो. कुऱ्हाड घेऊन.

विकीवारकरी

अवांतर वाटेल पण नाही. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचा चित्रसाठा) जीओडीएलचा साचा आहे आणि त्यावरून सतत वाद होतात. कुठल्यातरी खात्याच्या संकेतस्थळावरचं छायाचित्र दिसलं की लोक जीओडीएल लावून चढवतात. मग दुसरा विचारतो, या चित्राला हे लायसन्स लागू आहे हे कुठे लिहिलंय? उत्तर नसलं की वगळण्याची चर्चा सुरू. तेव्हा एकदा 'सरकारी म्हणजे जीओडीएल' अशी सवय लागली की ती सुटत नाही. ओएसएमवाल्यांनी आधीच सावध व्हावं.

आणि हो, ओएसएमवरून विकिडेटावर काही नेऊ नका. विकिडेटा सीसी-झिरो आहे, म्हणजे वापरावर कुठलीच अट नाही, ओडीबीएलचं तिथे चालत नाही.

फोंड्याहून

आमच्या गोव्यात तर बऱ्याच नकाशांवर लायसन्सचा शब्दच नाही. प्रादेशिक आराखड्याचे नकाशे लोकांनी पाहावेत म्हणून लावले, पण वापराबद्दल चकार शब्द नाही. काही लिहिलंच नाही म्हणजे खुलं, असं समजायचं का?

कलमबहाद्दर

@फोंड्याहून, उलट. काही लिहिलं नसेल तर कायद्याने सगळे हक्क राखीवच. गप्प बसणं म्हणजे होकार असं फक्त लग्नाच्या बैठकीत धरतात.

ह्यूस्टनचा_बाप्या

सोर्स लिहिण्यावरून थोडं. अमेरिकेत २००७-०८ मध्ये जनगणना खात्याची टायगर नावाची रस्त्यांची फाइल अख्खीच्या अख्खी ओएसएमवर ओतली. कॉपीराइट नाही, त्यामुळे लायसन्सची अडचण शून्य. पण अचूकता बेताचीच, आमच्याकडे काही रस्ते तळ्यातून जायचे. शहाणपण एकच केलं: प्रत्येक रस्त्यावर 'टायगर:रिव्ह्यूड=नो' असा टॅग लावला. तपासला की तो काढायचा. आजही हजारो रस्त्यांवर तो आहे आणि त्यावरूनच कळतं की काम कुठे बाकी आहे.

थोडक्यात, सोर्स वस्तूवरच लावा. फ्रान्सवाल्यांनी इमारतींवर 'काडास्त्र, अमुक साली अद्ययावत' असा लांबलचक सोर्स लावलाय (काडास्त्र म्हणजे तिकडचा भूमापन नकाशा). कुरूप आहे, पण दहा वर्षांनीही शोधता येतो.

पॅरामाटाचे_काका

बाप्या, इथे मतभेद. वस्तूवर सोर्स लावला की तो खोटा व्हायला वेळ लागत नाही. सरकारी फाइलवरून रस्ता आला, पुढच्याने उपग्रहचित्र बघून तो सरकवला, तिसऱ्याने पाटी बघून नाव बदललं. वस्तूवर अजून 'सरकारी' लिहिलेलं. आता त्यात सरकारी काय उरलं? २००९ मध्ये ओएसएमचा एपीआय ०.६ (डेटा चढवण्याची व्यवस्था) आला तेव्हापासून चेंजसेटवर (एका वेळी चढवलेल्या बदलांचा गठ्ठा) सोर्स लिहिता येतो. तिथे लिहिलेलं बदलत नाही, त्या दिवशीच्या कामाला कायमचं चिकटतं.

ह्यूस्टनचा_बाप्या

चेंजसेटमधून शोधणं सामान्य माणसाला जमतं का? वस्तूवर असेल तर टॅगइन्फो आणि ओव्हरपास ही शोधसाधनं आहेत: पहिल्यावर एका क्लिकमध्ये आकडा मिळतो, दुसऱ्यावर नकाशा मिळतो. चेंजसेटसाठी पूर्ण इतिहासाची फाइल उतरवा, मग चाळा. तुमचं बरोबर असेल काका, पण जे शोधता येत नाही त्याचा हिशेब कसा ठेवणार?

लीड्सची_वहिनी

दोन्ही लावा की. थोक भरणा असेल तर आयातीचे नियम आहेतच: विकीवर पान, आधी चर्चा, वेगळं खातं. वेगळं खातं हाच सर्वांत सोपा शोध आहे. त्या नावाचे सगळे चेंजसेट काढले की काम झालं. रानवाटा, तुम्ही वेगळं खातं वापरलं होतं का?

रानवाटा

हद्दींसाठी हो, 'अमुक_आयात' नावाचं. दवाखाने मात्र आमच्या गटातल्या प्रत्येकाने आपापल्या खात्यातून, कारण जागेवर जाऊन, नाव आणि वेळ बघून मगच टाकायचे असं ठरलं होतं.

कलमबहाद्दर

मग दवाखान्यांची काळजी सोडा. फाइल तुम्ही फक्त शोधयादी म्हणून वापरलीत, माहिती पाटीवरून घेतलीत. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलंय की नुसत्या घामावर कॉपीराइट मिळत नाही, थोडं कौशल्य आणि निर्णय लागतो. दवाखाना अमुक चौकात आहे ही वस्तुस्थिती कुणाच्या मालकीची नाही. युरोपात डेटाबेसवर वेगळा हक्क आहे, आपल्याकडे तसा नाही. प्रश्न उरतो तो हद्दींच्या रेषांचा. त्या जशाच्या तशा उचलल्यात.

माझा सल्ला: ओएसएमच्या लायसन्स गटाला ईमेल टाका. आणि इकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं तिकीट. विचारा, आधीचं लायसन्स कुठल्या आदेशाने लावलं, कुठल्या आदेशाने काढलं, प्रती द्या.

बिनधास्त_बंड्या

२०१६ ला ते जिओस्पेशियल विधेयकाचं मसुदाप्रकरण आठवतंय का? परवानगीशिवाय नकाशा केला तर शंभर कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षं आत. तेव्हा मी अंगणाचा नकाशा काढायलाही घाबरत होतो.

मिठबावकर

ते बारगळलं. उलट १५ फेब्रुवारी २०२१ ला नवीन मार्गदर्शक तत्त्वं आली आणि भारतीय माणसांना, कंपन्यांना नकाशे करायला आधी परवानगी लागेनाशी झाली. सूक्ष्मतेची मर्यादा आडवी एक मीटर, उभी तीन मीटर, ती परदेशी संस्थांसाठी. तरी २०२१ ने 'करू शकता' असं सांगितलं, 'आमचं घेऊ शकता' असं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरच्या अटी त्यांच्या त्यांच्या. गंमत म्हणजे त्यांच्या 'ओपन सिरीज मॅप'चं लघुरूपही ओएसएमच. नवखा माणूस 'ओएसएम फुकट आहे ना' म्हणून त्यावरून टिपायला बसतो.

सातबारा_उतारा

रानवाटा, एक सुचवतो. प्रभागरचना तर आता बदललीच असेल. जुन्या हद्दी तशाही उपयोगाच्या नाहीत. प्रभागांची अंतिम रचना राजपत्रात येते आणि तिथे प्रत्येक प्रभागाची चतुःसीमा शब्दांत दिलेली असते: उत्तरेला अमुक नाला, पूर्वेला रेल्वे लाइन, दक्षिणेला तमुक रस्ता तमुक चौकापर्यंत. फाइल कशाला हवी? वाचा आणि काढा. नाला, रेल्वे, रस्ता तुमच्या नकाशावर आहेच.

कलमबहाद्दर

साहेब, नमस्कार! कलम ५२(१)(क्यू) नुसार राजपत्रात छापलेला मजकूर पुन्हा छापणं हा कॉपीराइटचा भंग नाही (विधिमंडळाचे कायदे वेगळे, त्यांना अटी आहेत). म्हणजे चतुःसीमेवरून रेष काढली तर महापालिकेच्या तळटिपेशी आपला संबंधच राहत नाही. राजपत्राचा भाग, तारीख आणि पान एवढा सोर्स पुरे.

रानवाटा

महिन्याभराने परत येतोय. आधी माहिती अधिकाराचं उत्तर, जसंच्या तसं: 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' लावल्याचा आदेश नाही, काढल्याचाही नाही.

चावडीवरचा

पैज जिंकलो. चहा द्या.

रानवाटा

चहा पक्का. लायसन्स गटाच्या उत्तराची वाट न बघता आम्ही जुन्या प्रभागांची रिलेशनं (ओएसएमवरच्या हद्दींच्या नोंदी) काढून टाकली. रचनाच बदलल्यामुळे कुणाची तक्रार नाही. त्या खात्याचे सगळे चेंजसेट सापडायला पाच मिनिटं लागली, वहिनींचे आभार. दवाखाने ठेवले. नव्या हद्दी राजपत्रावरून काढतोय.

यादीचं पानही विकीवर सुरू केलंय. रकाने असे: फाइलचं नाव, देणारं कार्यालय, उतरवल्याची तारीख, त्या दिवशीच्या अटींची आर्काइव्ह प्रत, अटी कुठल्या आदेशाने लावल्या, आयात खातं, चेंजसेट आणि 'शेवटचं कधी तपासलं'. बाप्याच्या आग्रहाने वस्तूंवरही छोटा सोर्स. काका नाराज आहेत, असू देत. सध्या पानावर दहाबारा ओळी आहेत आणि 'कुठल्या आदेशाने' हा रकाना प्रत्येक ओळीत रिकामा आहे. आपापल्या शहराच्या ओळी भरा.

पॅरामाटाचे_काका

नाराज आहेच. पण 'शेवटचं कधी तपासलं' हा रकाना आम्हाला २०१० साली सुचला असता तर बरं झालं असतं.

विकीवारकरी

राजपत्राला नकाशा जोडलेला असेल तर त्यावरूनही टिपता येईल का?

कलमबहाद्दर

राजपत्रातच छापला असेल तर माझ्या मते हो. पण पुष्कळदा 'नकाशा कार्यालयात पाहण्यासाठी उपलब्ध आहे' एवढंच वाक्य असतं. भिंतीवर लावलेला नकाशा म्हणजे राजपत्र नव्हे.

रानवाटा

आमच्याकडे तेच वाक्य आहे. आणि आता एक अडलंय. एका प्रभागाची पूर्व हद्द 'पिठाच्या गिरणीच्या पश्चिम भिंतीपर्यंत' अशी दिली आहे. त्या रस्त्यावर गिरणी नाही.

मिठबावकर

माझं सासर त्याच भागात आहे. गिरणी बंद झाली, तिथे आता जिम आहे. ओएसएमवर जिम दिसतेय, तिलाच 'ओल्ड_नेम'मध्ये गिरणीचं नाव टाका. सोर्स म्हणून सासूबाई लिहा, त्यांचं लायसन्स मी विचारून सांगतो.